शिवप्पा डोह मोजतो

बसा हितं सावलीला. तुमची लोहाऱ्याची यष्टी तासाभरात काय येत न्हाय, तवर एक गोष्ट सांगतो. माणसानं कशाला भ्यावं आन् कशाला न्हाय, ह्याची हाय. तुम्ही हसा खुशाल, पण शिवप्पाला तवा हसू येत नव्हतं.

शिवप्पा म्हणजे आमचा भोई. बहात्तरच्या दुष्काळात गावानं खडी फोडून, माती वाहून तळं बांधलं, त्यात पुढं मच्छीमारांची सोसायटी निघाली. शिवप्पा गुळाची जुनी काहिल पाण्यात सोडायचा आन् तिच्यात बसून काठाकाठानं जाळं टाकायचा. काठाकाठानंच. कारण तळ्याच्या मधोमध ओढ्याचा जुना डोह बुडालेला, आन् डोहात साती आसरा. माणूस मनात भरला की त्या पाण्यातल्या बाया त्याला ठेवून घेतात, असं त्याची आजी सांगायची. त्यात शिवप्पाला पोहता येत नव्हतं. भोयाला पोहता येत न्हाय, हे सांगायचं कुणाला? उलट त्यानं पारावर सांगून ठेवलेलं, "म्या डोहावर जाऊन तीन बाजांचं सुंभ एकाला एक बांधून सोडलं. तळ लागला न्हाय."

ह्या एका थापेवर माणूस मोठा झाला. कारण पुढं सोसायटीला सरकारी योजनेतनं शिडाची होडी मिळाली. योजना खरी समुद्राकाठच्या लोकांची, पण लिहिणाऱ्यानं 'सर्व जिल्हे' असं लिहून टाकलं आन् एक होडी ट्रकात बसून आमच्याकडं आली. चेरमन आण्णासाहेबांनी सुकाणू शिवप्पाच्या हाती दिलं. डोहावर जाऊन आलेला दुसरा होता कोण? सोसायटीतला दुसरा भोई बलभीम सुकाणूसाठी लई मागं लागला होता, त्याला परत धाडला.

मग सरकारचा कागद आला. होडीवर एक विजेचं यंत्र बसवायचंच, दोन्हीतलं कुठलं ते सोसायटीनं ठरवायचं, आन् महिन्यात ठरलं न्हाय तर होडी दुसऱ्या तळ्याला जाणार. एक यंत्र वाऱ्याचं. डोलकाठीवर भिंगरी, खाली काटा, वारं कुठनं आन् किती ते दावणारं. दुसरं खोलीचं. त्याची डबी पाण्यात सोडायची, मग वर तबकडीवर लाल दिवा फिरतो आन् तळ जेवढा खाली असेल त्या आकड्यावर चमकतो.

मीटिंगीत शिवप्पा जीव तोडून वाऱ्याच्या बाजूनं बोलला. शीड वाऱ्यावर चालतं, खोलीवर न्हाय, असं त्यानं सात वेळा सांगितलं. आण्णासाहेब म्हणाले, मासा वाऱ्यात ऱ्हातो का पाण्यात? आन् खोलीच्या यंत्राचा कस कुठं लागणार, तर डोहावर. सोलापूरचा एजंट शनिवारी दोन्ही यंत्रं घेऊन येतोय, तवा होडी सरळ मधोमध न्यायची.

शिवप्पाचं जेवण तुटलं. आसरांनी धरलं तर जीव जाणार, आन् सोडलं तर यंत्र सुंभाचं बिंग फोडणार. मग सुकाणू बलभीमच्या हाती. त्यानं बायकोला, इरम्माला, निम्मं सांगितलं. आसरांचं निम्मं.

इरम्मा म्हणाली, "त्यांचं घर मोजाया चाललाव तर आधी त्यांना इचारा तरी."

शनिवारी सगळा गाव बांधावर. इरम्मानं यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग तिनं बघितलं की पाण्यात आसरांच्या दारी जाणार ती डबी. म्हणून डबीला तेलात कालवलेला शेंदूर लावला. एकदा न्हाय, देवाला लावतात तसा थरावर थर. एजंट टाय लावलेला पोरगा, बायामाणसांना नको कसं म्हणणार?

होडीत तिघं बसले, शिवप्पा, आण्णासाहेब आन् एजंट. शिडात वारं भरलं. शिवप्पा पाण्याकडं न बघता शिडाकडंच बघत सुकाणू धरून बसला. मधोमध आल्यावर एजंटानं डबी पाण्यात सोडून बटण दाबलं. लाल दिवा फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय, कुठंच चमकत न्हाय.

एजंटानं बटण पुन्हा दाबून बघितलं. "साहेब," तो बारीक आवाजात म्हणाला, "तळ लागत नाही."

आपली थाप खरी निघालेली बघून माणूस जेवढा भितो, तेवढा भुताला भीत न्हाय. शिवप्पाला खाली काळं, बिनबुडाचं पाणी दिसलं. आण्णासाहेबांनी एका हातानं काठ धरला, दुसऱ्यानं एजंटाचा टाय. "फिरीव होडी," ते म्हणाले, पण आवाज त्यांचा वाटंना. शिवप्पानं उठून सुकाणू दाबलं, शीड गर्रकन फिरलं, त्याचा आडवा बांबू कानशिलावर बसला आन् शिवप्पा पाण्यात.

त्यानं डोळे मिटले. इरम्माचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आसरांना आई म्हणाला. मग पाय हलवले तर पाय चिखलात. उभा राहिला. पाणी कमरेला.

दहा-बारा वर्षांचा गाळ डोहात भरलेला. एजंटानं डबी वर ओढली, शेंदूर बघितला, रुमालानं पुसून पुन्हा सोडली. दिवा तीन फुटांवर चमकला. "चाललं की," तो खूश होऊन म्हणाला.

"बंद कर ते," आण्णासाहेब म्हणाले.

शिवप्पा मान खाली घालून उभा. "चेरमनसाहेब, ते सुंभाचं..." त्यानं तोंड उघडलं.

पण आण्णासाहेब त्याच्याकडं बघतच नव्हते. ते बांधाकडं बघत होते. सगळा गाव तिथं उभा. गावची पिण्याची विहीर ह्याच तळ्यातनं झिरपणाऱ्या पाण्यावर. चैत्र निम्मा सरला होता आन् मृगाला दोन महिने होते. एवढं पाणी हाय म्हणून गाव बिनघोर झोपत होतं. मघाशी बुडायला भ्यायलेला माणूस आता उथळाला भ्याला.

"शिवप्पा," ते हळू म्हणाले, "खाली बस."

"कुठं?"

"पाण्यात. हनवटीपतूर. शिडाच्या आड हाईस तवर बस, आन् पोहल्यासारखं कर."

शिवप्पा बसला. गुडघ्यानं गाळ तुडवत, हात मारत होडीपाशी आला. बांधावर लोक टाळ्या वाजवत होते. डोह पोहून आलेला माणूस त्यांनी पहिल्यांदा बघितला.

वर घेताना आण्णासाहेब कानाशी म्हणाले, "सुकाणू तुझ्याकडंच ऱ्हाईल. ते सुंभाचं रोज पारावर सांगत जा. म्या गुपचूप टँकरचा अर्ज करतो."

काठावर लोकांनी विचारलं, कुठलं यंत्र घेतलं? वाऱ्याचं, असं आण्णासाहेबांनी सांगितलं. खोलीचं तिथं पुरं पडत न्हाय.

तवापासनं शिवप्पा रोज सुंभाची गोष्ट सांगायचा. आधी थाप मारताना त्याला कधी भ्या वाटलं नव्हतं, आता वाटायचं. सांगून झालं की होडीत जाऊन काट्याकडं बघत बसायचा, वारं पावसाकडनं फिरलं का म्हणून.

ती बघा धूळ दिसली, तुमची यष्टी आली. वाटंत ते तळं लागंल. तिथं कुणी भेटलं तर पाणी किती हाय असं इचारू नका. वारं कुठनं हाय, एवढंच इचारा.