रूथमावशींचा एक तास

रूथमावशींचं जेवायचं बोलावणं आलं की आम्ही घरूनच दोन घास खाऊन जातो. मावशींचा हात आखडता आहे म्हणून नाही. हाताला चव नाही म्हणून तर मुळीच नाही. त्यांचा पांढरा रस्सा संपल्यावर वाटी चाटणारा माणूस मी पाहिलेला आहे, आणि तो मीच होतो. कारण वेगळं आहे. मावशींच्या घरी शिजलेला प्रत्येक पदार्थ आधी मावशी स्वतः खातात आणि मग तासभर थांबतात. त्या तासात त्यांना काही झालं नाही, तरच पाहुण्यांना जेवण.

"मी उभी हाय न्हवं? मग बसा आता," असं त्या तासाभरानं दारात येऊन सांगतात. तोवर पाहुणा आडवा व्हायला आलेला असतो.

कळंब्याच्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलनीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे. मावशी बहात्तर वर्षांच्या. एका हॉस्पिटलात सिस्टर म्हणून उभा जन्म काढला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर वॉर्ड बरोबर घेऊनच घरी आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात पदार्थ नसतात, पेशंट असतात. दही कसं आहे विचारलं तर "निरीक्षणाखाली हाय" म्हणतात. कालची आमटी 'सिरीयस' असते. उतू जाता जाता वाचलेलं दूध 'स्टेबल' असतं. फ्रीजमध्ये छोट्या छोट्या बाटल्यांची रांग, प्रत्येकीत आदल्या दिवशीच्या पदार्थाचा चमचाभर नमुना, वर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर वार आणि वेळ. उद्या कुणाचं काही दुखलं तर तपासायला नको?

अंडी घ्यायला जातात तेव्हा घरून काचेचा ग्लास नेतात. दुकानाच्या कट्ट्यावरच त्यात पाणी भरायचं आणि एकेक अंडं सोडायचं. तळाला बसलं तर पास, तरंगलं तर परत. दुकानदार त्यांना लांबून बघितलं की म्हणतो, "आल्या बगा परीक्षक."

आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. मावशी दरवर्षी येतात, हात जोडून बसतात. त्या वर्षी प्रसादाचा शिरा माझ्या आजोळच्या पितळी पातेल्यात केला होता. मावशींनी पिशवीतून बॅटरी काढली, सगळ्या पाहुण्यांसमोर पातेल्यात वाकल्या आणि शिरा कडेला सारून तळ बघायला लागल्या. भटजींचा मंत्र तोंडातच राहिला. सुनीता, म्हणजे माझी बायको, माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. "कल्हई हाय," असं जाहीर करून मावशींनी प्रसाद घेतला. सुनीता आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. मी मात्र ही गोष्ट नक्कल करून कॉलनीभर सांगितली, आणि लोक पोट धरून हसले. हे आज सांगताना मला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं.

यंदा ईस्टरच्या आधीच्या रविवारी मावशी आमच्या दारात आल्या. हातात झावळीचा क्रूस होता, म्हणजे चर्चमधून थेट आल्या होत्या. चेहरा पांढराफटक. मला वाटलं कुणीतरी गेलं.

"विलास, एस्तेर येणार हाय," त्या म्हणाल्या.

एस्तेर म्हणजे त्यांच्या भावाची मुलगी. भाऊ तीन वर्षांपूर्वी वारला. त्याची बायको, लीलावहिनी, मिरजेला असते. इतक्या वर्षांत त्यांच्यातलं कुणी मावशींच्या उंबऱ्यावर आलेलं मी पाहिलं नव्हतं. भावाच्या मातीला मावशी गेल्या तेव्हा मीच गाडीनं नेलं होतं. तिथं त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

"मग चांगलंय की मावशी. पोरगी येतीय."

"सातवा महिना हाय तिला. बाळंतपणाला आईकडं आलीया. आणि डोहाळं काय लागल्यात म्हाईत हाय? माझ्या हातच्या पांढऱ्या रश्श्याचं." मावशी आमच्या पायरीवरच बसल्या. "लहानपणी खाल्लेला म्हणं. फोन करून सांगितलं पोरीनं, आत्या, ईस्टरला तुझ्याकडंच जेवणार, आईला पण घेऊन येणार. मी काय बोलू? डोहाळ्याला न्हाई कसं म्हणायचं?"

मी अभिनंदन करायच्या बेतात होतो, पण त्यांचे हात बघितले. बोटं झावळीचा क्रूस उसवत होती.

मग त्यांनी मला येण्याचं कारण सांगितलं. "माझ्या पोटाचा आता भरवसा न्हाई. म्हातारं झालंय, त्याला काय कळत न्हाई. यंदा आधी खायला दुसरं पोट पायजे. तू ये."

सुनीता ईस्टरच्या रविवारी कागलला माहेरी जाणार होती, नाहीतर तिनं मला सोडलं नसतं. मी हो म्हणालो. मटण म्हटल्यावर माझी मान आपोआप हलते, त्यात माझा काही शूरपणा नाही.

तो आठवडा मावशींनी कसा काढला ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. भांडी घासायचा आवाज थांबतच नव्हता. नारळ तीनदा परत केले. खसखस निवडायला बसल्या! खसखस कुणी एकेक दाणा बघून निवडतं का? उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, उपासनेहून आल्या त्या उपाशीच, आणि शनिवारीही जेवल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता गिळत न्हाई रं."

ईस्टरच्या दिवशी मी साडेदहाला गेलो. पहाटेची उपासना करून, मटण आणून, ते दोन पाण्यांनी धुऊन, मावशींचा स्वयंपाक तयार होता. मी मात्र टेबलाकडेच बघत राहिलो. पांढरी शुभ्र चादर, वॉर्डातल्या कॉटसारखे चारी कोपरे काटकोनात दुमडलेले. उकळून काढलेले चमचे. कांद्याच्या सालीत उकडून तांबूस केलेली अंडी. मध्ये मोगऱ्याची फुलं. आणि प्रत्येक ताटाशेजारी, घडी घातलेल्या रुमालावर, क्षार-साखरेची एकेक पुडी. जुलाब झाल्यावर पाण्यात घालून देतात ना, ती. दारामागे वर्तमानपत्रानं झाकलेल्या दोन बादल्याही मला दिसल्या.

"मावशी, ह्या बादल्या?"

"असू देत."

मी निमूट हात धुऊन आलो.

पावणेअकराला त्यांनी मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून वाढलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भात. स्वतः समोर उभ्या राहून माझ्या घशाकडे बघत होत्या. घास खाली उतरला की त्याही गिळायच्या. जेवण इतकं फक्कड झालं होतं की एरवी मी तिसऱ्यांदा मागून घेतलं असतं. पण घशाकडे कुणी असं बघत असेल तर मटणसुद्धा औषधासारखं लागतं. मग त्यांनी घड्याळ बघितलं, माझं मनगट धरलं आणि नाडी मोजली.

"आता बस. तास होऊ दे."

दहा मिनिटांत माझं पोट गुरगुरलं. मावशी ताडकन उठल्या. मी म्हणालो, "अहो, ते नेहमीच गुरगुरतं." पण घाम मलाही फुटला होता. बेंबीच्या डाव्या बाजूला काहीतरी टोचतंय असं वाटायला लागलं, मग उजव्या बाजूला. मी उगाच जीभ बाहेर काढून बघितली. शेवटी मीच वैतागून विचारलं, "मावशी, तासच का? अर्धा का नाही?"

त्यांनी पुन्हा माझं मनगट धरलं. मग ते न सोडताच बोलायला लागल्या.

"तेवीस वर्सं झाली. असाच ईस्टर. सोळा माणसं जेवायला. माझी भांडी बारकी, म्हणून एकांकडनं पितळी पातेलं आणलं. तळाची कल्हई उडालती. मी बगितलं की रं. बगितलं आणि म्हटलं, एका रात्रीत काय हुतंय? दही लावलेलं मटण रातभर त्यात ठेवलं."

मला पुढचं कळलं. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की कळकतं, हे आमच्या आजीनं लहानपणी बजावलेलं होतं.

"तासाभरात एकेक उठायला लागला. सगळी ओकत हुती. पंधरा माणसं माझ्याच वॉर्डात न्हेली. एस्तेर पाच वर्साची. तीन दिवस सलाईन. मीच सुई लावली तिला. शीर घावत नव्हती."

"पंधरा? सोळा म्हणालात."

"सोळावी मी. मी वाढत हुते. जेवलेच नव्हते." त्यांनी मनगट सोडलं. "सगळी पडली आणि मी एकटी उभी. लोक माझ्याकडं बगत हुते."

मला माझी नक्कल आठवली, बॅटरीची. मी मान खाली घातली. पोटातली भीती कुठल्या कुठे गेली होती आणि तिच्या जागी शरम येऊन बसली होती.

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. साडेअकरासुद्धा झाले नव्हते. पाहुण्यांना साडेबाराला बोलावलं होतं, पण डोहाळे घड्याळ बघत नाहीत. एस्तेर पोटावर हात ठेवून हसत आत आली आणि आत्याला मिठी मारून थेट स्वयंपाकघरात शिरली. मागून लीलावहिनी. उंच, सडसडीत, पांढऱ्या साडीतली बाई. त्या दारातच थांबल्या. "सलाम," म्हणाल्या. "सलाम वैनी," मावशी म्हणाल्या, आणि दोघी तिथंच उभ्या.

आत झाकण वाजलं. आम्ही वळून बघितलं तर एस्तेरनं पातेल्यातून पांढऱ्या रश्श्याची वाटी भरून तोंडाला लावली होती.

"एस्तेर!" मावशी अशा ओरडल्या की मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. "नको! अजून तास झाला न्हाई! अजून वीस मिन्टं हायत!"

वाटी रिकामी झाली होती. एस्तेरनं ओठ पुसले. "हाच," ती म्हणाली. "आत्या, हाच ग."

मावशी भिंतीला टेकल्या. त्यांचा एक हात बादलीकडे गेलेला मी पाहिला. लीलावहिनींनीही पाहिला. मग त्यांनी टेबल बघितलं, पुड्या बघितल्या, माझ्याकडे बघितलं. मी कोण आणि स्टुलावर का बसलो होतो, हे मी चाचरत सांगितलं. आधी मावशी स्वतः खातात, मग तासभर थांबतात, आज त्यांच्या जागी मी, हे सगळं. वहिनी चपला काढून आत आल्या. आम्ही चौघं तिथंच बसून राहिलो. एस्तेर सोडून सगळे एस्तेरकडे बघत होते. तिनं मधेच पोटाला हात लावला तर मावशींच्या तोंडून श्वासही निघेना. "लाथ मारतंय," एस्तेर म्हणाली.

वीस मिनिटं झाली. मग आणखी वीस झाली. मी ठणठणीत, एस्तेर ठणठणीत, आणि तिला पुन्हा भूक लागलेली.

"बसा," मावशी म्हणाल्या. आम्ही टेबलाशी बसलो. मावशी वाढायला लागल्या.

लीलावहिनींनी टेबलावरून नजर फिरवली. "ताटं तीनच?" त्यांनी विचारलं. "तुझं कुठाय?"

"मी न्हाई बसत. मी आधीच जेवते दर टायमाला."

"आज जेवलीस?"

मावशींनी वहिनींची वाटी आणखी भरली. शुक्रवारपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी या टेबलावर जेवत आलो, भुकेच्या नावानं कुरकुर केली, पण या बाईला आमच्याबरोबर जेवताना कधीच पाहिलं नाही, हे माझ्या त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला.

"रूथ," लीलावहिनी म्हणाल्या, "पातेल्याचा राग मी कवाच सोडला. माझ्या हातनं पण झालं असतं. मला राग एकाच गोष्टीचा हुता. पोरगी तिकडं तडफडतीया, आमी सगळी लोळतोय, आणि तू धडधाकट उभी. तू आमच्यात का नव्हतीस? लई वर्सं तेच घोकलं मी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "आणि तू अजून तशीच उभी हायस व्हय ग?"

मावशींच्या हातातला डाव रश्श्यात पडला.

मी उठून आमच्या घरातून ताट आणायला धावलो. न उकळलेलं, न तपासलेलं, सकाळी घाईत धुतलेलं ताट. परत आलो तेव्हा वहिनींनी मावशींना शेजारच्या खुर्चीवर बसवलं होतं. वहिनींनीच त्यांना वाढलं. मावशी घाबऱ्याघुबऱ्या जेवत होत्या. मोठे मोठे घास घेत होत्या, प्रत्येक घासाला आमच्या तिघांची तोंडं बघत होत्या. एस्तेरला भात हवा होता, मावशी लगेच उठायला लागल्या. मला लिंबू हवं होतं, त्या पुन्हा उठायला लागल्या. दोन्ही वेळा त्या उठता उठता खाली बसल्या, तेव्हा मी वाकून बघितलं. लीलावहिनी उजव्या हातानं जेवत होत्या, आणि डाव्या हातानं टेबलाखाली त्यांनी मावशींचा पदर घट्ट धरून ठेवला होता.