सगळ्यांनी मिळून एकटीचं उड्डाण

विंचने एक जोरदार आचका दिला, आतून फटकन आवाज आला आणि पंख्याचा पट्टा तुटून डॉक्टर प्रतिभाच्या पायाशी येऊन पडला.

"गेला," प्रतिभा म्हणाली. एरवी ती नाशिकरोडला लोकांचे दात काढायची आणि रविवारी क्लबचा विंच चालवायची. त्यामुळे गेलेल्या गोष्टी शांतपणे जाहीर करायची तिला सवय होती.

नाशिकबाहेरच्या त्या ग्लायडिंग क्लबात विंच गेला म्हणजे सगळंच गेलं. ग्लायडरला इंजिन नसतं. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला विंच लांबलचक दोर सपाट्याने गुंडाळतो आणि त्या ओढीने ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. आज वर चढायचं होतं मंजुषाला, आणि तेही पहिल्यांदाच एकटीने. शाळेत गणित शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या मंजुषाने या दिवसासाठी किती रविवार उन्हात काढले होते! उद्यापासून क्लब पावसाळ्यासाठी बंद होणार होता. आज राहिलं, की गेलं दिवाळीनंतरवर.

त्यात पिंपळगावहून सासूबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून सुलाबाई दुपारपासून आभाळाकडे पाहत होत्या.

"मान अवघडली," त्या म्हणाल्या, "पन उडालं तर कायच नाय."

क्लबचे प्रशिक्षक खंडेराव फौजेतून निवृत्त झालेले. "घाबरायचं नाही!" ते गरजले. "शहरातून नवा पट्टा आणू!"

"सर, आज रविवार. दुकानं बंद," प्रतिभा म्हणाली.

मंजुषाचा नवरा नवनाथ द्राक्षांच्या टेम्पोतून आईला घेऊन आला होता. त्याने तुटका पट्टा उचलला, उलटसुलट पाहिला, मग टेम्पोकडे पाहिलं.

"आमचा बसेल का हो याला?"

"अरे, मंग घरी कसं जायाचं?" सुलाबाई खुर्चीतून ओरडल्या.

"आई, आधी तिला वर जाऊ दे. मग आपण घरी जाऊ."

पट्टा बसला. पण चावी फिरवून फिरवून विंचची बॅटरी तोवर बसली होती. खंडेरावांनी क्षणाचाही विलंब न लावता क्लबच्या जीपची बॅटरी काढून विंचला जोडली. इंजिन धडधडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांतच प्रतिभाने विचारलं, "दोर कोण नेणार?"

टाळ्या थांबल्या. दोर विंचवर गुंडाळलेला होता आणि ग्लायडर धावपट्टीच्या पार त्या टोकाला. दोराचं टोक तिथवर नेहमी जीप ओढून नेई. जीपला आता बॅटरी नव्हती आणि टेम्पोला पट्टा नव्हता.

"म्हंजी दोन गाड्या मारल्या अन् एक जिती केली," सुलाबाईंनी हिशेब मांडला.

खंडेराव जीपचं बॉनेट उघडून आत पाहू लागले. तेवढ्यात मंजुषाने दोराचं टोक खांद्यावर टाकलं आणि ती चालायला लागली.

"ए, तू उडणारी आहेस!" खंडेराव धावले. "दमून बसणार का कॉकपिटमध्ये?" त्यांनी दोर तिच्याकडून काढून आपल्या खांद्यावर घेतला. मग नवनाथ लागला, मग बाकीचे सभासद. जसजसा दोर सुटत गेला, तसतसा तो जड होत गेला. अर्ध्या वाटेत सगळ्यांची पावलं रुतली. तेव्हा सुलाबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला.

"आई, तुम्ही नका," मंजुषा म्हणाली.

"गप. जलमभर मळ्यात पाइप वढलेत मी. हां, वढा! ए चष्मेवाल्या, नुस्ता हात नको लावू, वढ!"

चष्मेवाले खंडेराव होते. त्यांनी ओढला.

दोर ग्लायडरला अडकवला तेव्हा सूर्य डोंगराला टेकायला आला होता. मंजुषा आत बसली. नवनाथने पंखाचं टोक उचलून धरलं.

"घाबरलीस?"

"हो."

"मी पण."

"तुम्ही कशाला? तुम्ही तर खालीच."

"म्हणूनच."

दोर ताणला गेला. पंख धरून नवनाथ धावला, पंख हातातून सुटला, तरी तो धावतच राहिला. ग्लायडर नाक वर करून चढलं, दोर सुटून खाली पडला आणि मग कुठलाच आवाज उरला नाही. खाली द्राक्षांच्या बागा, लांबवर धरणाचं तांब्यासारखं पाणी. मागच्या सीटवरून आज खंडेराव ओरडत नव्हते. वर इतकी शांतता असते, हे मंजुषाला पहिल्यांदाच कळलं. खुशीत तिने एक मोठं वळण घेतलं.

ती उतरली तेव्हा ग्लायडरने एक लहानशी उडी मारली, मग ते शहाण्यासारखं घरंगळत येऊन थांबलं. सगळे तिकडे धावले.

"जरा वेगात आलीस," खंडेराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

"सून हाय माझी," सुलाबाई प्रत्येकाला सांगत होत्या. ज्यांनी त्यांच्या शिव्या खात दोर ओढला होता, त्यांना ते ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी ते नव्याने ऐकून घेतलं.

मग सुलाबाईंनी कॉकपिटमध्ये डोकावून पाहिलं. "ही मागली शीट मोकळी हाय ना?"

"आहे, पण..."

"मंग आना दोर."

गवतावर आडवे झालेले सभासद एका सुरात कण्हले.

"मावशी, दिवाळीनंतर मी नेतो की तुम्हाला," खंडेराव घाईघाईने म्हणाले.

"तुमच्यासंगं नाय. हिच्यासंगं."

"माणसं न्यायला तिला आधी लायसन काढावं लागेल. बराच वेळ लागतो त्याला."

सुलाबाईंनी आभाळाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काढ निवांत," त्या म्हणाल्या. "फकस्त तवर ही शीट कुनाला देऊ नको."