देवघरातलं कोड बुक

सकाळी अकरा वाजता सावद्यात, पन्नालालसेठच्या केळी पिकवण्याच्या नव्या खोलीत, वायरमन प्रेमराजने खिशातून फोन काढला, म्यानातून तलवार उपसावी तसा वर धरला आणि जाहीर केलं, "मॅडम, तुम्ही फक्त विषय सांगा. पान मी दाखवतो!"

समोर विद्युत निरीक्षक मेघा मॅडम उभ्या होत्या. त्यांची नजर बोर्डावर होती. या खोलीत दिवसभर पाण्याचा बारीक फवारा उडणार, म्हणून बोर्ड दाराबाहेर हवा होता, असं त्यांचं म्हणणं. घट्ट झाकणाचा बोर्ड असेल तर आत चालतो, असं प्रेमराजचं. वायरिंगच्या कोड बुकात, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, तसं स्पष्ट लिहिलंय, हेही प्रेमराजचंच.

"लिहिलंय ना? मग दाखवा. पान बघितल्याशिवाय माझी सही होत नाही."

सही नाही तर वीज नाही. वीज नाही तर खोली थंड नाही. आणि फाटकाबाहेर ट्रक उभा होता! प्रेमराजच्या शब्दावर विसंबून पन्नालालसेठने पहाटेच रावेरकडचा मळा कापून घेतला होता. कापलेला घड काही परत झाडाला लावता येत नाही. ऊन चढत होतं, आणि सेठ दर थोड्या वेळाने ट्रकमागे जाऊन तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा केळ्यांना हात लावून येत होते.

"प्रेमराजभाऊ, माल गरम व्हायला लागला हां!"

"सेठ, जरा दम धरा! पूर्वी हे पुस्तक वागवायचं म्हणजे पाठीवर पाटा घेऊन हिंडल्यासारखं होतं. आता सगळं इथं, खिशात!"

गेल्या वर्षी प्रेमराजने या पुस्तकाच्या ॲपची वर्गणी भरली, तेव्हापासून जळगावात त्याने हे वाक्य सांगितलं नाही असा चहावाला उरला नव्हता. त्याने ॲप उघडलं. स्वागत झालं. अनुक्रमणिका आली. 'ओल्या जागा' हे प्रकरण आलं. त्याने अभिमानाने फोन मॅडमपुढे धरला, आणि पान गेलं!

पडद्यावर पाटी आली: 'हे खाते दुसऱ्या फोनवर सुरू झाले आहे. इथे सुरू करायचे का?'

"नेटवर्क," प्रेमराज म्हणाला आणि 'हो' दाबलं. पान आलं. अर्धी ओळ वाचली, तोच पुन्हा गेलं. त्याने पुन्हा 'हो' दाबलं. पलीकडच्यानेही दाबलं असावं. पान येई आणि जाई, जसं चोरून पाहणारं कुणी खिडकीत डोकावावं आणि झटकन खाली बसावं!

मॅडमही आपल्या फोनवर अंगठा मारत कपाळाला आठ्या घालत होत्या. "खरंच नेटवर्क नाहीये इथे," त्या पुटपुटल्या.

प्रेमराजला मात्र कारण ठाऊक होतं. वर्गणी एकाची, फोन एक, असा ॲपचा नियम. पण बहुतेकांच्या घरी लग्नातलं मोठं पातेलं सुद्धा गल्लीत फिरतं, तिथे पासवर्ड एकट्याने वापरायचा म्हणजे माणुसकी ती काय? त्याने तो सर्वांत आधी धुळ्याच्या शालकाला, नथ्थूला दिला होता. नथ्थूही वायरमन. त्याने 'खान्देश वायरमन' नावाचा ग्रुपच काढला आणि वर पासवर्ड चिकटवून ठेवला.

प्रेमराज कोपऱ्यात गेला आणि फोन लावला. "नथ्थू, ॲपमधून बाहेर पड! आत्ताच्या आत्ता!"

"दाजी, मी आत नाहीच. मी जिन्यावर उभाय, ड्रिल चालूय."

"मग आत कोण आहे?"

"आता ग्रुपमध्ये एवढी माणसं. कुणीही असेल. थांबा, मी सांगतो सगळ्यांना."

नथ्थू शब्दाचा पक्का. त्याने लगेच ग्रुपवर टाकलं: 'अर्जंट! दाजींचं काम अडलंय! सर्वांनी ताबडतोब ॲपमधून बाहेर पडावे!'

इथेच घात झाला. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी ते ॲप आयुष्यात उघडलं नव्हतं. पण दाजींचं काम अडलेलं! एकाने विचारलं, 'बाहेर कसं पडायचं?' दुसऱ्याने कळवलं, 'आधी आत जावं लागतं.' तिसऱ्याला पासवर्ड सापडेना, तर नथ्थूने जिन्यावरूनच बोलून पाठवला. पारोळा, अमळनेर, चोपडा, शिरपूर, जिथे जिथे तार ओढणारा माणूस होता, तिथे तिथे काम थांबलं. प्रत्येकजण बाहेर पडण्यासाठी इमानदारीने आत शिरला!

प्रेमराजचा फोन थरथरला, पांढरा पडला आणि त्यावर शेवटची पाटी आली: 'एकाच वेळी अनेक ठिकाणांहून वापर आढळला. सुरक्षिततेसाठी खाते उद्यापर्यंत बंद.'

त्याच क्षणी मॅडमच्या फोननेही टुंग केलं.

पन्नालालसेठ मॅडमच्या मागेच उभे होते. दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांना दुकानापासूनची सवय. दुकानात ते गिऱ्हाइकाची पिशवीसुद्धा वाचत. ते वाचू लागले, "'नमस्कार, प्रेमराज! आपले खाते उद्यापर्यंत...' अरे! मॅडम, तुमच्या फोनवर याचं नाव कसं?"

खोलीत इतकी शांतता पसरली की ट्रकमधली केळी पिकताना ऐकू यावीत.

मेघा मॅडमनी फोन पर्समध्ये ठेवला. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. "आमच्या ऑफिसच्या वर्गणीचा प्रस्ताव वर गेलाय. मंजूर होईपर्यंत धुळ्यातल्या एकाने मदत म्हणून पासवर्ड दिला होता."

"नथ्थूने?" प्रेमराजने विचारलं.

"नाव माझ्या लक्षात नाही. जिन्यावरून बोलत होता."

प्रेमराजला वाटलं, आता सुटलो! आता मॅडम नरम पडतील. तो गालातल्या गालात हसला. "मग काय मॅडम! म्हणजे आपण एकाच पुस्तकातले! घ्या, करा सही."

"पुस्तक एकच आहे, म्हणून तर पान दोघांनाही दिसत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "छापील प्रत असेल तुमच्याकडे. ती आणा."

छापील प्रत होती. याच आवृत्तीची, जाडजूड. पण ॲप आल्यावर प्रेमराजने तिला निवृत्त केलं होतं, आणि त्याच्या आईने, कमलबाईने, दसऱ्याला पक्कड, टेस्टर आणि मीटरबरोबर तिचीही पूजा केली. बाकीची हत्यारं दुसऱ्या दिवशी पिशवीत गेली. पुस्तकाला काही काम उरलं नव्हतं, म्हणून ते देवघरातच राहिलं. बायको कोकिळा तेवढी माहेरी, धुळ्याला. नाहीतर तिने गुपचूप फोटो काढून पाठवला असता. प्रेमराजने आईला फोन लावला.

"आई, माझं ते जाडं पुस्तक..."

"देवघरमा शे. लाल कपडामा शिवी ठेयेल शे."

"उसव आणि शेजारच्या अभिमनला दे. तो गाडीवर घेऊन येईल."

"अभिमनले? त्याना बठ्ठा हात ग्रीसना! आंघोय करा बिगर कोन्ही हात लावाव नही. मीच लई येस."

आणि ती निघालीच! जळगावहून भुसावळमार्गे बसने. मांडीवर लाल कपड्यातलं गाठोडं, त्यावर देवाजवळचं फूल. भुसावळनंतर प्रेमराजने पुन्हा फोन लावला, तर मागून घोळक्याचा आवाज.

"आई, एवढा गलका कसला?"

"बाया दर्शन ली राहिन्यात. कोणती पोथी शे, इचारी राहिन्यात."

"मग तू काय सांगितलं?"

"मना पोऱ्या हाई वाचीसनच घरोघर उजेड करस, आस सांगं."

फैजपूरला गाठोड्यावर झेंडूचा हार चढला. कंडक्टरने म्हणे उतरणाऱ्यांना पुढच्या दाराने उतरवलं, पोथीकडे पाठ नको म्हणून!

दुपारी कमलबाई सावद्यात पोचली. पन्नालालसेठ धावत सामोरे गेले. गाठोडं पाहून त्यांचेही हात आपोआप जुळले. खोलीत केळ्याच्या रिकाम्या क्रेटवर धुतलेलं पोतं अंथरलं, त्यावर गाठोडं ठेवलं. प्रेमराज कात्री घेऊन पुढे झाला.

"थांब!" कमलबाई म्हणाली. "चपला बाहेर. हातपाय धुवा. बठ्ठासनी. मंग उघाडा."

प्रेमराजने बूट भिरकावले. सेठने मोजडी सोडली. दोघांनी नळाखाली पाय धुतले आणि, 'बठ्ठासनी' म्हणजे सगळ्यांनी, म्हणून मॅडमकडे पाहिलं.

"मी पायातलं काढणार नाही," मेघा मॅडम म्हणाल्या. "इथे दिव्यांपुरती तात्पुरती लाइन चालू आहे, फरशी ओली आहे. विजेच्या जागी अनवाणी उभं राहायचं नसतं. आणि तुम्ही दोघे ओल्या पायांनी काय उभे आहात? बाहेर व्हा!"

दोघे उडी मारून उंबऱ्यावर गेले.

"मग बाहेर अंगणात उघडू या ना!" प्रेमराज काकुळतीला आला.

"पोथी काय रस्तावर उघाडतस?" कमलबाईने गाठोड्यावर हात ठेवला. "वर छप्पर पाहिजे."

छप्पर त्या आवारात एकच होतं. त्याच खोलीचं.

"मॅडम," प्रेमराज शेवटचा उपाय म्हणून म्हणाला, "अनवाणी उभं राहायचं नाही, हे तरी कुठे लिहिलंय?"

"त्याच पुस्तकात."

"मग पान दाखवा!"

 मॅडमनी गाठोड्याकडे पाहिलं, कमलबाईकडे पाहिलं. कमलबाईने त्यांच्या पायांकडे पाहिलं. फाटकाकडून वाऱ्याची झुळूक आली आणि तिच्याबरोबर पिकल्या केळ्याचा पहिला गोड वास. पन्नालालसेठने डोळे मिटून घेतले.

शेवटची खबर हाती आली तेव्हा गाठोडं शिवलेलंच होतं, ट्रक फाटकाबाहेरच होता, आणि मेघा मॅडमनी दाराशी लाकडी फळी मागवून, तिच्यावर उभं राहून, एका सँडलचा पट्टा सोडला होता. दुसऱ्या सँडलचं अजून काही ठरलेलं नाही.