चिठ्ठ्यांचा खोका

घोलवडला गोविंदरावांच्या चिकूच्या शेडमध्ये उपकेंद्रातल्या सिस्टर बायकांच्या आरोग्यावर बोलायला आल्या, आणि अर्धा तास नुसतं ‘तिथं’, ‘त्या जागी’, ‘खालच्या बाजूला’ करत राहिल्या. त्यात मालकीणबाई मयुराकाकू देखरेखीला येऊन बसलेल्या, मग चिकू भरणाऱ्या बाया कशाला तोंड उघडतायत? शेवटी सिस्टरनी तोडगा काढला. शंका कागदावर लिहा, नाव नको, आणि या रिकाम्या खोक्यात टाका.

शितलला तीन महिन्यांपासून खाज येत होती. नवऱ्याला सांगावं तर तो भलताच संशय घेणार. सासू भिकी शेडमध्ये शेजारीच बसायची. तिला आडून विचारलं, तर तिनं लोणचं सोडायला सांगितलं. शितलनं लोणचं सोडलं, खाजेनं शितलला सोडलं नाही. तिनं भिंतीकडं तोंड करून सगळं लिहिलं आणि चिठ्ठी टाकली, तेव्हा कुठं तिला जरा हलकं वाटलं.

पुढचा घोळ हमाल बाबल्यानं केला, पण त्याचं तरी काय चुकलं? या शेडमध्ये खोक्याच्या तळाशी कागद पसरूनच चिकू भरतात. त्याला कागद घातलेला खोका दिसला. त्यानं तो भरला, चिकटपट्टी मारली आणि ट्रकवर चढवला. सिस्टरचा चहा संपेपर्यंत खोका वाशीच्या बाजाराच्या वाटेला लागला होता.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं गोविंदरावांच्या मोबाईलवर चिठ्ठ्यांचे फोटो धाडले. बाजारात अब्रू गेली म्हणत गोविंदरावांनी सगळ्या बायांना ओळीत उभं केलं. ज्यांनी हे लिहिलंय त्यांनी उद्यापासून कामावर यायचं नाही, असा दम भरला आणि पहिलाच फोटो खणखणीत आवाजात वाचला, “तीन महिने खाज येते. सासू म्हणते लोणचं सोड...”

शितलनं आपली चिठ्ठी ओळखली. आता काम जाणार, आणि घरी बोभाटा होणार तो वेगळाच.

“ती माझी चिठ्ठी हाय, शेठ,” भिकी म्हणाली.

“तुझी सासू मरून बारा वर्षं झाली ना?”

“सासू मेली, खाज कुठं मेली? पुढली वाचा.”

गोविंदरावांनी पुढचा फोटो काढला. “सिस्टर म्हणतात औषध नवराबायकोनं दोघांनी घ्यायचं. आमचे हे बागेतल्या किडीला फवारे मारतात, पण स्वतः एक गोळी...” इथं ते वाचायचे थांबले. हे अक्षर ते दर महिन्याला वाणसामानाच्या यादीत बघत होते. त्यांनी मोबाईल खिशात घातला, उद्या सगळ्यांनी वेळेवर या म्हणाले, आणि कुणाकडंही न बघता विचारलं, सिस्टर परत कधी येणार?

दुपारी त्यांनीच गाडी पाठवली. या वेळी सिस्टर दार लावून एकेकीला आत घेत होत्या. शितल रांगेत पहिली होती आणि तिच्या मागं भिकी.

“आई, तू कशाला थांबलीस?” शितल हळूच म्हणाली. “माझ्यासाठी खोटं बोललीस, तेवढं पुरं झालं.”

“खोटं कोण बोललं, बाय?” भिकीनं तिला दाराकडं ढकललं. “जा लवकर, माझा नंबर येऊ दे.”