तिसऱ्या मजल्यावरचा रेडिएटर

पाण्याचं काही बिघडलं की पंपकाकांना विचारायचं, असा इमारतीत दंडकच होता. चौतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या पंपहाऊसवर काढली होती. नळ नुसता खाकरला तरी हवा कुठल्या मजल्यावर अडकलीय, हे ते हातातला कप खाली न ठेवता सांगत. पण ते निवृत्त झाले, पुढच्याच वर्षी इमारतीत नवे पाइप बसले, आणि काकांना विचारावं असं कुणाकडे काही उरलं नाही. घरात तर नाहीच. लेक त्यांना "बाबा, जेवलात का?" आणि "बाबा, गोळी घेतलीत का?" एवढंच विचारी, आणि दोन्हींची उत्तरं तिला काकूंकडून आधीच कळलेली असत.

लेकीचं सासर दोन गल्ल्या सोडून होतं, पण कामाची खोली तिनं माहेरीच ठेवली होती. अजून न बांधलेल्या इमारती ती कॉम्प्युटरवर उभ्या करी आणि माणूस आतून फिरतोय अशी त्यांची फिल्म बनवी. सध्या लहान मुलांच्या इस्पितळाचा नवा वॉर्ड चालला होता. तीन आठवडे ती त्यावर मान मोडून बसली होती. आज संध्याकाळी सातला फिल्म पोचवायची होती, आणि नेमका कॉम्प्युटर रुसला होता. अर्धा तास काम केलं की तापायचा आणि धाडकन बंद पडायचा! म्हणून तिनं त्याला थंड ठेवणारा पाण्याचा संच मागवला होता. तो खोक्यात तसाच होता.

"दुपारी येऊन मीच बसवते," सकाळी मीटिंगला निघताना ती म्हणाली. "बाबा, त्या खोक्याला हात लावू नका हं."

"पाण्याचं आहे ना गं ते?"

"पाण्याचं आहे, पण तुमच्या पाण्याचं नाही."

दार लागलं. तुमच्या पाण्याचं नाही! पाणी का माणूस बघून वाहतं? काका पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग त्यांनी खोक्याला हात न लावता कात्री लावली.

आत एक पातळसा, लांबट रेडिएटर निघाला, कारखान्यातूनच पाणी भरून आलेला. त्याला दोन काळ्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला डबीएवढा पंप. तो पंप बघून काकांना भरून आलं. त्यांच्या पंपहाऊसवरच्या पंपाला उचलायला क्रेन लागायची. हा तळहातावर मावत होता.

"अहो, तिनं नको म्हटलंय," काकू दारातून म्हणाल्या.

"ती दमून येईल. आल्यावर कॉम्प्युटर तयार असेल. बघच तू."

"मी बघणारच आहे," काकू म्हणाल्या आणि स्टूल घेऊन बसल्या.

पंपहाऊसचा पहिला नियम, आधी मेन बंद. काकांनी कॉम्प्युटरचा प्लग वायरीसकट काढला आणि उशाला घेऊन झोपावं तसा गादीखाली ठेवला. कॅबिनेटची बाजू उघडली. आतला जुना पंखा त्याच्या पत्र्यांसकट अलगद सोडवला. मग माहितीपत्रक उलगडलं. त्यात अक्षर एक नाही, नुसती चित्रं! चित्रात रेडिएटर पुढच्या बाजूला दाखवला होता. काका चित्राकडे बघून हसले, जसं नवख्या ज्युनिअरकडे बघून हसत. त्यांनी तो वर, कॅबिनेटच्या छताला लावायचं ठरवलं.

स्क्रूच्या दोन पुड्या होत्या. एकीत लांब, एकीत आखूड. आता चौतीस वर्षांत काकांनी लांब बोल्ट हाताशी असताना आखूड कधी लावला नव्हता. पकड कशी पाहिजे! तीन स्क्रू लोण्यात गेल्यासारखे गेले. चौथा थोडा अडला. काकांनी ओठ दाबून अजून एक पाव वळसा दिला.

आतून बारीक 'चिस्स' असा आवाज आला.

हा आवाज त्यांना कुठेही ओळखू आला असता. हिरवट थेंब टपकला, त्याच्यामागे दुसरा, आणि मग धार. ते लांब स्क्रू संचासोबत आलेल्या नव्या पंख्यातून आरपार जाण्यासाठी होते. मध्ये तो पंखा न लावल्यामुळे एक थेट रेडिएटरच्या पोटात घुसला होता. काकांनी तो उपटला, तशी धार वाढली. त्यांनी हात आत घालून भोकावर बोट दाबलं. पत्र्यानं बोट कापलं, तरी बोट काढलं नाही.

"फडकं आण! आणि कुणाला तरी फोन कर!"

काकूंनी परगावी गेलेल्या जावयाला फोन लावला. जावयाची गाडी यांच्याच इमारतीखाली उभी असे आणि किल्ली काकांकडे.

"अहो, रेडिएटर फुटलाय! पाणी वाहतंय नुसतं!"

"अरे बापरे! बाबा कुठे आहेत?"

"त्यातच अडकलेत. हात आत आहे, रक्त येतंय, पण काढतच नाहीयेत!"

"शुद्धीवर आहेत ना?"

"शुद्धीवर असते तर असलं केलं असतं का?"

यापुढे जावयानं काही विचारलं नाही. त्यानं एक फोन गॅरेजवाल्याला केला आणि दुसरा बायकोला.

दहा मिनिटांत गॅरेजवाला घामाघूम होऊन दारात उभा. एका हातात कूलंटचा कॅन, दुसऱ्या हातात टायरमध्ये हवा भरायचा पंप.

"काकू, गाडी कुठे ठोकली? खाली तर धड उभी आहे."

"गाडी नाही हो. रेडिएटर आत आहे, त्या खोलीत."

"तिसऱ्या मजल्यावर?"

आत काका गुडघ्यांवर बसले होते, कोपरापर्यंत हात कॅबिनेटमध्ये. गॅरेजवाल्यानं वाकून पाहिलं, चष्मा लावला, पुन्हा पाहिलं. "एवढासा रेडिएटर मी जन्मात बघितला नाही," तो गंभीरपणे म्हणाला. पण माणूस कामाचा. त्यानं खाली ताटली धरली, काकांचं बोट हळूच सोडवलं आणि गळता रेडिएटर बाहेर काढून बादलीत ठेवला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. लेक अर्धी मीटिंग सोडून धावत आली होती. एक चप्पल पायात, एक हातात.

"बाबा!"

बाबा उभे होते. बोटाला फडकं होतं, एवढंच. तिनं त्यांना चाचपून पाहिलं, मग जमिनीवरच बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. रडता रडता तिची नजर कॅबिनेटवर गेली. मग बादलीवर. तिचं रडू थांबलं.

ते थांबणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

"चूक माझी," काका म्हणाले. पंपहाऊसच्या रजिस्टरमध्ये ते बिघाड लिहीत, त्याच आवाजात. "आखूड स्क्रूच्या जागी लांब लावला. तू नको म्हटलं होतंस. वीज आधीच तोडली होती, म्हणून आत काही जळलं नसावं. पण खात्री देत नाही."

तिनं हातातली चप्पल खाली ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर उचलला.

मग चौघंही कामाला लागले. लेकीनं एकेक भाग सोडवून टिपला, काकूंनी केस वाळवायच्या यंत्रानं गार हवा मारली. गॅरेजवाला काकांनी काढून ठेवलेला जुना पंखा उचलून उजेडात बघत होता.

"ताई, ह्याच्यात उशी भरलीय का हो?"

पत्र्यांच्या मध्ये चार वर्षांची धूळ घट्ट बसली होती, गोधडीसारखी. त्यानं ती काडीनं उकरली, गॅलरीत जाऊन टायरच्या पंपानं उरलीसुरली उडवली आणि पंखा आणून दिला. लेकीनं तो पूर्वीच्याच जागी बसवला. काकांनी गादीखालचा प्लग आणला. तो लावून ते दोन पावलं मागे सरले.

कॉम्प्युटर सुरू झाला.

लेकीनं वॉर्डाची फिल्म बनवायला लावली आणि सगळे पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत उभे राहिले. एरवी पंचाण्णवला जाऊन मान टाकणारा कॉम्प्युटर बासष्टवर येऊन थांबला. पाच मिनिटं बासष्ट. पाऊण तास झाला तरी बासष्ट!

"म्हणजे," काकू म्हणाल्या, "झाडायचाच होता?"

गॅरेजवाल्यानं कूलंटचा कॅन उचलला आणि तो हळूच निघून गेला.

फिल्म साडेसहाला पुरी होणार होती. तोवर नुसतं बसून लक्ष ठेवायचं. काकूंनी चहा आणून ठेवला. काका पडेल चेहऱ्यानं कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. लेक पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, चित्रात रेडिएटर पुढे होता. तुम्ही वर का लावत होतात?"

काकांनी आधी तिच्याकडे नीट पाहिलं. ती चिडून विचारत नव्हती.

"हवा," ते म्हणाले. "कुठल्याही बंद पाण्यात थोडी हवा असतेच, आणि ती सगळ्यात उंच जागा धरते. रेडिएटर पुढे, खाली राहिला आणि पंप त्याच्या वर गेला, तर ती हवा पंपात बसणार. मग पंप कोरडा घरघरणार आणि एक दिवस जळणार."

लेकीनं मान वळवली. "खरंच की. मी पुढेच लावणार होते." आणि मग म्हणाली, "मग?"

हे 'मग?' काकांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं! ते स्टूल पुढे ओढून बसले. पंपात आधी पाणी का भरून घ्यावं लागतं, ते त्यांनी सांगितलं. एका पावसाळ्यात तीन नंबरचा पंप पहाटेपर्यंत हवा ओढत राहिला होता, ते सांगितलं. पाइपाला कान लावून हवा कशी ओळखायची, तेही सांगितलं, टेबलाच्या पायाला कान लावून दाखवलंसुद्धा.

वर पाहिलं तर लेक खुर्चीतच झोपली होती. तोंड थोडं उघडं, चहा तसाच. पडद्यावर मुलांचा वॉर्ड एकेक खिडकी करत पुरा होत होता.

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेसहाला उठवायचं. पण पाणी मागे फिरू न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा मुद्दा राहिला होता, म्हणून तो त्यांनी आवाज खाली आणून पुरा केला.