परबकाकांचा दम

परबकाकांबरोबर शिवडीच्या किल्ल्यावर जायचं तर एक अट असते. वर पोहोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. कुणी मान वळवलीच, तर काका त्याला परत पायथ्याशी नेऊन नव्याने चढवतात. माझ्या नवऱ्याला त्यांनी दोनदा खाली नेलंय.

काका करी रोडला आमच्या समोरच्या दारात राहतात, एकटेच. हिंदमाताच्या एका दुकानात गादीवर बसून त्यांनी आयुष्यभर साड्या दाखवल्या. "चांगला माल पहिल्या घडीला काढायचा नसतो," ते सांगतात. "खालून काय दिसतं? गोदामं नि ट्रक. वर गेलीस की पदर उलगडतो."

चढ जेमतेम दहा मिनिटांचा, पण उभा. बहात्तर वर्षांचे काका रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो एका दमात चढतात, आणि वरून आम्हा धापा टाकणाऱ्यांना म्हणतात, "सावकाश या ताई, दुकान उघडंच आहे."

वर मात्र खरंच डोळे निवतात. ओहोटीच्या चिखलात फ्लेमिंगोंची रांग, गंजक्या बोटी, लांबवर गेलेला समुद्रावरचा पूल. काका हात फिरवून दाखवतात, "हा गुलाबी काठ. हे राखाडी अंग. आणि तो पूल म्हणजे चंदेरी जर, काळी पडायची नाही." पावसाळ्यात पक्षी नसतात. तेव्हा ते शांतपणे सांगतात, "तो माल थंडीत येतो."

माझी आई आमच्याकडेच असते. बाबा गेल्यावर ती आठ महिने घराबाहेर पडली नाही. लिफ्टपर्यंतसुद्धा नाही. मी समजावलं, रागावले, शेवटी गप्प बसले. एका शनिवारी काका आले नि म्हणाले, "वयनी, उद्या शिवडी."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं. धाप लागते मला."

"हल्ली माकापण लागता," काका म्हणाले. "सोबत असली तर जाईन म्हणतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी विसाव्या पायरीवर काका छातीवर हात ठेवून बसले. "वयनी, जरा थांबूया. माका दम लागलो." आई शेजारी टेकली. मग दर दहा-पंधरा पायऱ्यांनी हेच. प्रत्येक थांब्याला आई मागे वळून खाडी बघायची. काका चकार शब्द बोलले नाहीत.

नेहमी येणारी कॉलेजची पोरं बाजूने चढून गेली. त्यातला एक थबकला. "काका, आज काय झालं?"

"वय झालं रे," काका म्हणाले. गेल्याच रविवारी त्यांनी या पोरांना शर्यतीत हरवलं होतं.

वर पोहोचायला पाऊण तास लागला. आई तटाशी बराच वेळ उभी राहिली. "ह्यांना आवडलं असतं," एवढंच म्हणाली. काका जरा लांब उभे होते. त्या दिवशी त्यांनी काठ, पदर काहीच दाखवलं नाही.

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "परबांना डॉक्टरकडे ने. छाती भरून येते त्यांची. एकटा माणूस."

मी हे काकांना जाऊन सांगितलं. "तिला काही बोलू नको," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी जाग आली तर आई साडी नेसून तयार, हातात ग्लुकोजच्या पाण्याची बाटली.

"कुठे निघालीस?"

"त्यांना एकट्याला कसं पाठवायचं?"

तिने जाऊन समोरची बेल वाजवली. काका दारात आले. "आधी दोन घोट पाणी प्या," आई म्हणाली. "आणि आज हळू चढायचं. मी सांगेन तिथे बसायचं."

मी आमच्या दारातून बघत होते. मला वाटलं, काका आता काहीतरी दुकानातलं वाक्य टाकणार. पण ते आज्ञेत असल्यासारखे सगळं पाणी प्यायले. "होय वयनी," म्हणाले आणि कुलूप लावायला पाठमोरे झाले. कुलूप लावायला त्यांना बराच वेळ लागला.