खजूर दोघांनाही चालतो

आमच्या मस्तगडातले शंकरकाका जेवतात तरी कधी, हा मला पडलेला प्रश्न आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी झालीच. वर रमजानचे रोजे, आणि ईस्टरच्या आधी ख्रिस्ती मंडळींचा लांबलचक उपास. त्यात लोक मटण सोडतात. काका जन्माचे शाकाहारी. सोडायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी चहा सोडला, आणि त्या दिवसांत त्यांच्याशी बोलायची कुणाची छाती होईना.

"मूळ एकच हाय, दिलीप," हे त्यांचं पालुपद. गुरुजींची जपमाळ, मौलानांची तसबीह, फादरची माळ, सगळ्या त्यांनी हातात घेऊन पाहिल्यात. "मणी सरकवायची खोड तिघालाबी कशी लागली? घर एकच व्हतं. भाऊ येगळे झाले, बस." भाऊ वेगळे का झाले म्हणून विचारलं, तर म्हणतात, "भाऊच ते."

यंदा रमजानात एकादशी आली आणि काकांनी दोन्ही धरले. पहाटे उठून साबुदाणा खाल्ला. संध्याकाळी मशिदीजवळ इफ्तारला मौलानांच्या शेजारी बसले. मीही होतो. रोजा सुटला, भजी पुढे आली आणि काकांनी हात आखडला.

"भजी न्हाई चालत. एकादशी हाय."

"काका, आज आप दोनों तरफ से फँसे," मौलाना म्हणाले. पंगतभर हशा पिकला. काकांनी शांतपणे खजूर उचलला. "ह्यो दोघालाबी चालतो. बघा, सापडलं का न्हाई मूळ?"

मग त्याच सुरात त्यांनी विचारलं, "मौलाना, मेल्यावर माणसं एकमेकाला वळखतेत का? येगळ्या धर्माची असली तर?"

हसणं थांबलं. मौलानांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "अल्लाह बेहतर जानता है, काका."

मार्थाकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली. त्या नर्स होत्या, रविवारी चर्चला जायच्या आणि येताना काकांच्या देवासाठी फुलं आणायच्या. लग्नात त्यांची एकच अट होती, कुणी कुणासाठी देव बदलायचा नाही. दोघांनी ती जन्मभर पाळली. आता काकू ख्रिस्ती कब्रस्तानात आहेत. काकांनी शेजारची जागा मागितली, तर तिथल्या लोकांनी मान खाली घालून सांगितलं, बाप्तिस्म्याशिवाय देता येत नाही. आणि अट मोडायला काका तयार नाहीत.

घरी परतताना ते माझ्या खांद्याला धरून चालत होते. उपासानं पार वाळलेत.

"गुरुजी म्हन्ले, फुडल्या जन्मी भेट व्हईल, पर वळख ऱ्हात न्हाई. फादर म्हन्ले, ती देवापाशी हाय, तुमचं देव बघंल. आज मौलानाबी तेच. तिघानं बी देवावर ढकललं."

"देव काहीतरी करेल की, काका," मी म्हणालो. मलाच ते पटलं नाही.

"त्याला इचारायलाच तर मी उपाशी मरू राह्यलो." त्यांच्या घराच्या पायऱ्या आल्या. काका खाली बसले.

"एक जण तरी 'हां, भेटंल' म्हन्ला असता, खोटं का व्हईना," ते म्हणाले. "तिला एकटीला झोप येत न्हाई रे."